बुवांचा तंबोरा आणि कडवे वाल

माझ्या थोरल्या बहिणीचा तंबोरा मी फोडला.

एवढंसं वाक्य; पण ते असं सरळ उच्चारायला मला नऊ वर्षं लागली. त्याआधी मी ते नाना तऱ्हांनी म्हणून पाहिलं होतं. 'तंबोरा फुटला.' 'पावसानं फुटला.' 'विमानवाल्यांनी फोडला.' एकदा तर एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मी 'मुळात भोपळाच कच्चा होता हो' असं बेधडक सांगितलं, आणि मान वर करून बघतो तो समोर वाढायला ताईच उभी! तिनं माझ्या पानात भात वाढला आणि वरण न वाढताच ती पुढे गेली. तो कोरडा भात मी मुकाट्यानं खाल्ला. अजून घशात आहे.

आमची ताई म्हणजे कुसुमताई. लग्नानंतर थोड्याच वर्षांत कपाळ मोकळं घेऊन ती पनवेलला आमच्या घरी परत आली. तेव्हा मी शाळेत होतो. तिच्या अंगावर पांढरं पातळ आणि तोंडावर मौन. देवळामागच्या खोलीत एक गायनबुवा राहत, पोरांना सारेगम शिकवत. आईनं तिला तिकडे धाडलं ते 'तेवढाच जीव रमेल' म्हणून. जीव रमला, आणि पंधरा वर्षं रमला. ताई गायला लागली की आमच्या आळीतली भांडणंसुद्धा थांबत. (ती संपली की पुन्हा सुरू होत, पण खालच्या पट्टीत.)

बुवा मोठे गवई होते की नाही, मला कळत नाही. मी कपबशांचा व्यापारी. पण त्यांना आयुष्यात कधी मोठ्या सभेत गायला मिळालं नाही, हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं. सत्यनारायण, गोकुळाष्टमी, कुणाच्या तरी घरचा पाचवा वाढदिवस, यातच त्यांचं गाणं संपलं. जाताना त्यांनी स्वतःचा तंबोरा ताईला दिला आणि म्हणाले, "कुसुम, माझं राहिलं. पण हा एकदा तरी मोठ्या बैठकीत वाजू दे."

आणि तसं बोलावणं आलंसुद्धा! आमची मावसबहीण इंदू नागपूरला दिलेली. तिचे यजमान वामनराव तिथल्या एका संगीत मंडळाचे चिटणीस. एका लग्नात त्यांनी ताईचं गाणं ऐकलं होतं. गणेशोत्सवात मंडळाची मोठी सभा होती, तिथे ताईनं गावं असा निरोप आला.  त्या संध्याकाळी ताई तंबोऱ्याची गवसणी काढून त्याला नुसती पुसत बसली.

"रेल्वेनं जाऊ," ती म्हणाली. "गवसणीत घालून मांडीवर घेईन. बुवा तसाच न्यायचे."

आता इथून पुढे माझा गुन्हा सुरू होतो.

आमच्या बाजारात कापडवाले छोटूशेठ एकदा विमानात बसून आले होते. बसून आले ते आलेच. पण त्यानंतर दोन वर्षं रोज संध्याकाळी माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसून ते पुन्हा पुन्हा उडत होते. 'वसंतराव, ढग वरून बघायचा असतो.' 'वसंतराव, वर गेल्यावर माणसाचं मन मोठं होतं.' मी खाली बशा पुसत असायचो. माझं मन दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. आपणही एकदा उडावं आणि याच पायरीवर छोटूशेठना ऐकवावं, या इच्छेनं मला पार पोखरलं होतं. पण बशा विकणाऱ्या माणसानं कुठल्या निमित्तानं उडायचं? निमित्त घरात चालून आलं. त्याला चार तारा होत्या.

"रेल्वे?" मी ताईला म्हणालो. "अगं, नागपूर म्हणजे काय पेण आहे? रात्रभर धक्के, गर्दी. कुणी ट्रंक टेकवली तर? कुणी त्यावरच टेकलं तर? विमानानं जायचं. विमान हवेतून जातं. हवेत खड्डे असतात का?"

"छोटूशेठ तर म्हणत होते, असतात."

"छोटूशेठ काहीही म्हणतात!"

ताईनं जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. "तंबोऱ्यासाठी म्हणतोयस ना?"

"तंबोऱ्यासाठीच," मी म्हणालो. आवाज तसूभरही कापला नाही. ताईला होता तसा गुरू मला नसतानाही माझा तो सूर इतका पक्का लागला, याची मला आज लाज वाटते.

मग प्रश्न आला बांधाबांधीचा. आणि इथे मी कुणाचंच ऐकणार नव्हतो, कारण फुटणारी वस्तू न फुटता पाठवणं हा माझा धंदा होता! माझ्या दुकानातून गेलेली कपबशी उरणच्या मचव्यातून गेली, कर्जतच्या बैलगाडीतून गेली, पण कान तुटून कधी परत आली नाही. आमच्या धंद्याचा एकच मंत्र: हललं की फुटलं. खोक्यात बोटभरसुद्धा रिकामी जागा ठेवायची नाही.

"अरे, पण तंबोरा म्हणजे किटली नव्हे," ताई म्हणाली.

"दोन्हीला पोटच असतं," मी म्हणालो. (हे वाक्य तेव्हा मला फार हुशारीचं वाटलं होतं.)

सुताराकडून मी एक लांबलचक लाकडी खोकं करून घेतलं. आता आत भरायला पेंढा. आमच्याकडे सगळं काचसामान भाताच्या पेंढ्यात बांधतात. पण भाद्रपदात कोरडा पेंढा कुठला? जासईचा धर्मा पाटील माझा नेहमीचा पेंढेवाला. त्यानं आणलेला भारा मी पिळला असता तर पेलाभर पाणी निघालं असतं.

"शेट, पावसाचा पेंढा असाच आसतं," धर्मा म्हणाला. "तुमी दिवालीला जावा ना नागपुरला."

"धर्मा, गणपती दिवाळीला बसवतात का?"

"ते नाय. पन पेंढा तवाच सुकंल."

ओला पेंढा लावला तर तंबोऱ्याला बुरशी येईल, लाकूड फुगेल. तेव्हा त्याला पाण्याचा थेंबही लागता कामा नये, असं मी सगळ्यांना बजावलं. (हे माझेच शब्द. लक्षात ठेवा.) मग कोरडं काय भरायचं? तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"आणि इंदूकडे जाताना काय पेंढा घेऊन जाणार आहात? पोर इतक्या लांब दिलेली. माहेरचं माणूस जातंय ते रिकाम्या हातानं? तिला तिकडे कडवे वाल मिळत नाहीत म्हणून ती रडते. वाल न्या."

वाल! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खडखडीत वाळलेले, गोल गुळगुळीत, कुठल्याही फटीत जाऊन बसणारे कडवे वाल! तंबोरा हलणार नाही, इंदू रडणार नाही, आणि आईचा शब्दही राहील. एका दगडात तीन पक्षी. मी त्या क्षणी स्वतःवर इतका खूश झालो, की दगड कुणाच्या डोक्यात पडणार आहे हे पाहायचं राहून गेलं.

धर्मानं दुसऱ्याच दिवशी गोणभर वाल आणले. "यो वाल बग शेट. खडा नाय, किडा नाय. इमान खाली परला तरी तुमचा तंबोरा उभाच ऱ्हाईल!"

"विमान पडायचं नाव काढू नकोस रे!" आई आतून ओरडली.

आईच्या जुन्या लुगड्यांच्या मी लहान-मोठ्या पुरचुंड्या शिवून घेतल्या, त्यात वाल घट्ट बांधले आणि तंबोऱ्याच्या भोपळ्याभोवती, दांडीच्या कडेनं, खुंट्यांच्या बाजूला अशा ठासून बसवल्या, की माझ्या बायकोनं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, याचं वजन किती झालं असेल!"

"वजनदार वस्तू हलत नाही," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय. उचलणार कोण?"

ताईनं तारा आधीच सैल केल्या होत्या. झाकण लावण्यापूर्वी तिनं भोपळ्यावर हात ठेवला, पोराला झोपवताना ठेवतात तसा. मग मी खिळे ठोकले. नेहमीपेक्षा दुप्पट. उपटता येणार नाहीत, असे.

टॅक्सीच्या टपावर ताडपत्री घालून ते खोकं आम्ही मुंब्र्यावरून, ठाण्यावरून सांताक्रूझला नेलं. पाऊस होता, पण खोक्याला थेंब लागला नाही. मी वाटेत दर मैलाला डोकं बाहेर काढून पाहत होतो; त्यामुळे जो काही पाऊस लागला तो मला.

विमानतळावर आमचं खोकं चार हमालांनी खांद्यावरून आत आणलं. लांब खोकं, चार खांदे, मागे पांढऱ्या पातळातली ताई आणि तिच्या मागे ओलाचिंब, गंभीर मी. लोक आपोआप बाजूला झाले. एका साहेबी पोशाखातल्या गृहस्थांनी डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली आणि हळू आवाजात ताईला विचारलं, "फार आजारी होते का?"

"नाही हो," ताई म्हणाली. "उलट आवाज अजून छान आहे."

त्या गृहस्थांनी हॅट पुन्हा डोक्यावर ठेवली आणि ते लगबगीनं दुसऱ्या रांगेत गेले.

काट्यावर खोकं ठेवलं आणि काटा जो निघाला तो टोकाला जाऊन थरथरत उभा राहिला. पलीकडचा तरुण अधिकारी खोक्याकडे पाहू लागला.

"यात काय आहे?"

"तंबोरा."

"लोखंडी?"

"छे हो! भोपळ्याचा."

"मग भोपळ्यात काय आहे?"

"भोपळ्यात हवा आहे," मी म्हणालो. खरंच होतं ते. "भोपळ्याच्या बाहेर वाल आहेत."

त्यानं पेन खाली ठेवलं. "साहेब, वाद्य नुसतं गवसणीत आणलं असतं, तर आम्ही आतच मागे कोपऱ्यात बांधून ठेवू दिलं असतं. गवई लोक तसंच नेतात. हे खोकं आत येणार नाही. ते सामानात जाईल."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"वसंता, उघड खोकं," ती म्हणाली. "गवसणी माझ्या पिशवीत आहे."

"ताई, खिळे..."

"उपट."

"ते उपटत नाहीत, असेच ठोकलेत. आणि पक्कड घरी राहिली."

"सामानात काही होत नाही," अधिकारी घाईनं म्हणाला. मागे रांग कुरकुरत होती. मी ताईला म्हणालो, "अगं, माझी बांधणी आहे. वरून हत्ती चालला तरी..." ताईनं हात वर करून मला थांबवलं. माझ्या तोंडून हत्ती बाहेर पडला की ती नेहमी थांबवते. रोजचीच गोष्ट असावी तसं ते खोकं ढकलगाडीवरून गेलं, आणि ताई दिसेनासं होईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली.

विमानात खिडकीची जागा ताईची होती. ती तिनं मला दिली. मी 'नको, नको' म्हणत बसूनही घेतलं. विमान उडालं आणि मी ढग वरून पाहिले! छोटूशेठ म्हणाले होते तसे, अगदी पिंजलेल्या कापसासारखे. एका फटीतून खाली पाणी चकाकलं.

"ताई, बघ बघ, आपली पनवेलची खाडी!"

"ती ठाण्याची आहे," मागच्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले.

ताईनं पाहिलं नाही. ती डोळे मिटून बसली होती. मांडीवर तिचा उजवा हात उताणा पडला होता आणि बोटं एकामागून एक अगदी हळू हलत होती. तारा नव्हत्या, पण ती छेडत होती. मी पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागलो. त्या वेळी मला फक्त छोटूशेठना काय काय सांगायचं हेच सुचत होतं. देव शप्पथ.

नागपूरला सगळ्यांचं सामान आलं. आमचं खोकं आलं नाही.

वामनराव मंडळाचे दोन सभासद आणि एक हार घेऊन उभे होते. "या या, ताई! वसंतराव, तंबोरा कुठं राहून राहिला?"

चौकशी केली. वजन जास्त झालं म्हणून मुंबईलाच एक नग विमानातून उतरवला होता. एकच. कुठला, हे सांगायला नकोच. शंभर माणसं, त्यांच्या ट्रंका, त्यांचे बिछाने, सगळं उडालं. आणि आईचे वाल तेवढे खाली राहिले!

"उद्याच्या विमानानं येऊन जाईल बाप्पा," वामनराव म्हणाले. "सभा परवा आहे. काही चिंता करू नका जी."

दुसऱ्या दिवशी मी विमानतळावर जाऊन बसलो. विमान आलं, खोकं आलं नाही. तिथल्या बाबूनं मुंबईला विचारून सांगितलं, "तुमचं खोकं सुरक्षित आहे. तिकडे पाऊस फार आहे, म्हणून हलवलेलं नाही."

"म्हणजे छपराखालून हलवलेलं नाही ना?"

त्यानं पुन्हा विचारलं. "नाही. छपराखाली हलवलेलं नाही. मैदानावर आहे. पण सुरक्षित आहे."

घरी येऊन मी ताईला यातलं 'सुरक्षित आहे' एवढंच सांगितलं. ती इंदूच्या बाजाच्या पेटीवर एक स्वर धरून रियाझ करत होती. "बरं," म्हणाली आणि पुन्हा स्वर धरला. मला तिनं रागावायला हवं होतं. न रागावणाऱ्या माणसापुढे अपराधी माणसाचे फार हाल होतात.

सभेच्या दिवशी भर दुपारी खोकं आलं. पावसानं उघडीप दिली होती आणि नागपूर असं वाफाळलं होतं, की इडल्या अंगणात ठेवून शिजाव्यात. हातगाडीवरून खोकं वामनरावांच्या ओसरीत उतरवलं. मंडळाचे सभासद जमले होते. वामनराव त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वसंतराव, हे फुगून कसं राहिलं हो?"

खरंच, फळ्या बाहेर आल्या होत्या. झाकण मधोमध असं वर आलं होतं, जशी पुरी फुगते. माझे ते न उपटणारे खिळे आपणहून अर्धे वर आले होते. मी पक्कड लावली. पहिला खिळा निघाला. दुसरा लावायची वेळच आली नाही. टक्क, टक्क, टक्क करून झाकणानं स्वतःच मोकळा श्वास घेतला, आणि एक वास आला.

कोकणातल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. वाल रात्रभर भिजत घालून, फडक्यात घट्ट बांधून, उबेत ठेवले की तिसऱ्या दिवशी गाठोडं सोडताना येतो तो वास. मी काय केलं होतं? वाल फडक्यात घट्ट बांधले होते. मुंबईच्या पावसानं ते भिजवले होते. नागपूरच्या उकाड्यानं उबेत ठेवले होते. आई स्वयंपाकघरात दर श्रावण सोमवारी जे करते, तेच मी विमान कंपनीच्या मदतीनं, बुवांच्या तंबोऱ्याभोवती केलं होतं! पुरचुंड्यांच्या विणीतून पांढरेशुभ्र मोड बाहेर डोकावत होते.

"अगं बाई!" इंदू ओरडली. "काय सुरेख मोड आलेत!"

सभासदांपैकी एक म्हातारे चष्मा वर करून म्हणाले, "हे वाद्य आहे का बागायत होऊन राहिली?" कुणीतरी हसलं. मीही हसलो. ते हसू माझ्या तोंडावर बराच वेळ राहून गेलं, कारण ते कुठे न्यावं हे मला कळेना.

ताई खाली बसली. एकेक पुरचुंडी तिनं हळूहळू उचलून बाजूला ठेवली. सुकलेला वाल भिजला की दुप्पट होतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. खोक्यात बोटभर जागा मी ठेवली नव्हती. मग फुगणाऱ्या वालांनी जायचं कुठे? बाहेर फळ्या होत्या, आत भोपळा. त्यांनी दोन्हीकडे प्रयत्न केला होता.

भोपळ्याला वरच्या लाकडी तबलीपासून खाली बुडापर्यंत चीर गेली होती. ताईनं तीवरून बोट फिरवलं. मग तिनं तंबोरा उभा केला, एक तार जराशी ताणली आणि छेडली. म्हातारं माणूस बोलायला जातं आणि खोकला येतो, तसा आवाज निघाला.



"वसंता," ताई म्हणाली, "बुवांना मोठ्या बैठकीत नेणार होतास ना रे?"

बस, एवढंच. मला काही बोलायला हवं होतं. 'चुकलो' हा शब्द काही लांब नाही. पण मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मी त्या विमानवाल्यांना चांगलं खडसावणार आहे!"

संध्याकाळी सभेत ताईसाठी मंडळाच्या एका गवयांचा तंबोरा आणला. पुरुषी, मोठा, जाड तारांचा. ताईच्या पट्टीला चढवायला गेले तर तार तुटली. शेवटी पेटीच्या स्वरावर ती गायली. चांगली गायली. लोक म्हणाले, चांगली गायली. पण मी तिचं गाणं जन्मभर ऐकलेलं. तंबोरा असला की ती गाताना मध्येच थांबते, मान कलती करते आणि तारांना जरा बोलू देते, जणू बुवा काही सांगताहेत. त्या दिवशीही ती सवयीनं थांबली, मान कलती केली. आणि तिथे कुणीच बोललं नाही. मग ती घाईघाईनं पुढे गेली. पहिल्या रांगेत बसून ते मी एकट्यानं ऐकलं.

आता कहर ऐका. सभेनंतर वामनरावांकडे मंडळाचं जेवण होतं. इतके सुंदर मोड आलेले वाल फेकायचे कसे? इंदूनं आणि शेजारणींनी ते दुपारभर सोलले आणि ओला नारळ, गूळ, आमसूल घालून बिरडं केलं. नागपूरकर तुटून पडले! "वाहवा! क्या बात आहे! अजून वाढा जी!" ताईच्या गाण्याला जी दाद मिळायला हवी होती, ती सगळीच्या सगळी बिरड्यानं घेतली. अध्यक्ष तर मला म्हणाले, "वसंतराव, पुढच्या साली पुन्हा या. हे नक्की आणा."

ताईच्या पानातलं बिरडं तसंच होतं. तिचा सगळ्यात आवडता पदार्थ तो. लोक काशीला जाऊन एखादी भाजी सोडतात. माझी बहीण नागपूरला जाऊन वाल सोडून आली.

परत आलो ते रेल्वेनं. तंबोरा गवसणीत घालून ताईनं मांडीवर घेतला होता. वाटेत कुणी त्याच्यावर ट्रंक टेकवली नाही, कुणी त्याच्यावर टेकलं नाही. उलट एका बाईनं पदरानं वारा घातला.

तंबोरा मिरजेला धाडला. नवा भोपळा बसवून आला. वाजतो, छान वाजतो. पण तो आवाज बुवांचा नाही. ताईला पुन्हा कुठल्या मोठ्या सभेचं बोलावणंही आलं नाही. आणि छोटूशेठ? त्यांनी पायरीवर बसून विचारलं, "काय वसंतराव, ढग पाहिले का?" मी म्हणालो, "धुकं होतं." ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं केलं, ती सांगायला तोंडच उरलं नाही.

मग नऊ वर्षं मी पावसाला, विमानवाल्यांना, सुताराला, धर्मालासुद्धा नावं ठेवत राहिलो. ("शेट, वाल चांगला व्हता म्हनूनच मोड आलं ना?" धर्मा म्हणायचा.) घरात वाल शिजेनासे झाले. आई गेली तीही श्रावणात बिरडं न खाता.

गेल्या नवरात्रात उरणच्या एका देवळात ताईला गायला बोलावलं. मीच सोबत निघालो. एसटी अशी भरलेली, की एकाच बाकावर दोन जागा मिळाल्या. ताई बसली. मी दुसऱ्या जागेवर, खिडकीशी, गवसणीतला तंबोरा बसवला आणि गाडीच्या छताचा दांडा धरून उभा राहिलो.

"अरे, मांडीवर घेते, तू बस," ताई म्हणाली.

"नको. त्यालाच बसू दे खिडकीशी. माझं एकदा बसून झालंय."

ताई माझ्याकडे पाहू लागली. जासई मागे पडलं होतं, दोन्ही बाजूंनी मिठागरं दिसत होती. आणि मला एकाएकी ते सगळं असह्य झालं.

"ताई," मी म्हणालो, "तंबोऱ्यासाठी विमान नव्हतं गं. विमानासाठी तंबोरा होता. मला उडायचं होतं. तू मांडीवर घेऊन नेला असतास तर बुवांचा आवाज त्या सभेत लागला असता. मी फोडला तो. पावसानं नाही, कुणी नाही. मी. चुकलो ताई. मला माफ कर."

एसटीत असं बोलायचं नसतं. अख्खी गाडी कान टवकारून ऐकू लागली. पुढच्या बाकावर टोपली घेऊन बसलेली एक कोळीण वळली आणि म्हणाली, "आरं, भयनीची मापी मागतंस ना? मंग असा खांबासारका उबा राहून मागतात काय? जरा वाकून माग!"

तेवढ्यात समोर म्हैस आली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, आणि मी दांडा सोडून, टोपली ओलांडून, थेट ताईच्या पायांवर साष्टांग पडलो.

"हां, आता कसा!" कोळीण म्हणाली.

ताईनं दोन्ही हातांनी आधी तंबोरा सावरला. तो नीट आहे हे पाहिलं. मग तिला हसू आलं. नऊ वर्षांनी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी खालूनच विचारलं, "ताई, केलंस ना माफ?"

"विमानाचं मला त्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "मी खिडकी दिली आणि तू नको म्हणता म्हणता बसलास, तेव्हाच. तू कधी सांगतोस तेवढं बघत होते. ऊठ आता. आणि उद्या घरी गेल्यावर वाल भिजत घाल."

मी गुडघे झटकत उठलो, तशी ती पुढे म्हणाली,

"पातेल्यात घाल हो, वसंता."